चक्की, जातं आणि ब्लूज

पवना धरणाच्या काठावर आता शनिवार-रविवारी तंबू लागतात. पुण्या-मुंबईची मुलं येतात, शेकोटी पेटते, कुणीतरी गिटार काढतं. त्या गिटारवर वाजणाऱ्या कितीतरी इंग्रजी गाण्यांचं मूळ शोधत गेलं तर आपण ब्लूजपाशी पोहोचतो. आमच्या पवनानगरात हा शब्द क्वचितच कानावर पडतो. माझ्या वर्गातली मुलं मोबाइलवर रॅप ऐकतात, पण त्या रॅपचा आजा कोण हे त्यांना ठाऊक नसतं. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. सुरांचं शास्त्र मला येत नाही, घरात कुणी वाद्य वाजवत नाही. तरी गेली काही वर्षं मी ब्लूजबद्दल मिळेल ते वाचते आणि ऐकते. या वाटेला मला लावलं ते माझ्या दादीच्या चक्कीनं.

चक्की म्हणजे दगडाचं जातं. घरात आम्ही दखनी बोलतो, म्हणून चक्की. ती आता मागच्या पडवीत पडून आहे, तिच्यावर अम्मी मिरचीची कुंडी ठेवते. दादी फजरच्या आधी दळायला बसायची आणि दळताना गायची, असं अम्मी सांगते. थोडं मराठी, थोडं दखनी. त्यातलं एकही गाणं आज आमच्याकडे पूर्ण नाही. आणि तिकडे मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांची गाणी सगळ्या जगाकडे आहेत. असं का झालं, हा माझा प्रश्न आहे.

आधी ब्लूजबद्दल. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. पण दक्षिणेतल्या काळ्या माणसांना जमीन मिळाली नाही. ते मालकाची शेती वाट्यानं करू लागले. बियाणं मालकाचं, उधारी मालकाच्या दुकानातली, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबही मालकच करणार. सावकारी पाहिलेल्या मराठी शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या शेतांत, रेल्वेच्या कामावर, नदीचे बांध घालणाऱ्या छावण्यांत आणि तुरुंगांत माणसं काम करताना गात. कधी सगळे मिळून, घावाच्या तालावर; कधी एकटाच माणूस, मोकळ्या रानात, लांब हाळी दिल्यासारखा. या हाळीला गिटारची साथ मिळाली आणि एकोणिसावं शतक संपता संपता ब्लूज तयार झालं.

डब्ल्यू. सी. हँडी नावाच्या बँडमास्तरानं आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर या छोट्या स्टेशनवर तो रात्री गाडीची वाट पाहत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. एकच ओळ, तीनदा. हँडीनं पुढे अशा गाण्यांची स्वरलिपी छापली, १९१२ मध्ये त्याचं ‘मेम्फिस ब्लूज’ प्रसिद्ध झालं आणि लोक त्याला ब्लूजचा बाप म्हणू लागले. स्टेशनवरच्या माणसाचं नाव इतिहासाला माहीत नाही.

ब्लूजच्या कडव्याची नेहमीची बांधणी अगदी साधी असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. पहिली ओळ दुसऱ्यांदा येते तोवर गाणाऱ्याला पुढची सुचायला वेळ मिळतो. जात्यावरच्या ओवीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिथंही दोन ओळींचा जीव. पहिली ओळ घोळवायची, मध्ये ‘बाई’, ‘सांगते’ असे शब्द पेरायचे आणि मग दुसरी ओळ सोडायची. गळा एकीचा, कधी समोर बसलेलीनं उचलायचं. पण दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे त्यांचं नातं असतंच असं नाही. मिसिसिपी आणि मावळ यांचं रक्ताचं नातं नाही. हात एकाच कामात तासन्‌तास अडकला आणि तोंड मोकळं राहिलं की माणूस काय करतो, एवढंच साम्य आहे.

एक धागा मात्र आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्यांत पश्चिम आफ्रिकेतले, विशेषतः सेनेगल-गांबियाच्या बाजूचे मुसलमान बरेच होते. उमर इब्न सईद हा त्यांतला एक. १८०७ मध्ये त्याला चार्ल्सटनच्या बंदरात उतरवलं आणि १८३१ मध्ये, गुलामीत असतानाच, त्यानं अरबीत आपली जीवनकथा लिहिली. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. दक्षिण कॅरोलायनात १७३९ च्या बंडानंतर गुलामांना ढोल वाजवायला कायद्यानं बंदी झाली. ढोल गेला, पण गळा कुणी काढून घेऊ शकत नव्हतं, आणि तारेची वाद्यं मालकांना धोक्याची वाटत नव्हती. सिल्व्हियान दियूफ या इतिहासकार बाईंनी दाखवलं आहे की बांधकामाच्या छावण्यांतली ती एकट्याची हाळी आणि पश्चिम आफ्रिकेतली अजान शेजारी शेजारी ठेवून ऐकली तर स्वर लांबवण्याची, एकाच अक्षरावर आवाज वळवण्याची पद्धत चकित करण्याइतकी जवळची वाटते. गेरहार्ड कुबिक या संगीत-अभ्यासकानंही ब्लूजच्या काही लकबी सहाराच्या दक्षिणेकडच्या मुस्लिम प्रदेशापर्यंत नेऊन भिडवल्या आहेत.

यावरून ‘ब्लूज मुसलमानांचं’ असा फलक लावायला निघू नये. अजान ही अजान आहे, ती गाणं नाही. ब्लूजमध्ये चर्चची भजनं आहेत, युरोपातली लोकगीतं आहेत, आफ्रिकेतल्या कितीतरी जमातींचा वारसा आहे. पण ज्याची भाषा, नाव आणि नमाज हिरावली गेली त्याच्या गळ्याचं वळण तरी शिल्लक राहिलं असावं, ही शक्यता मला मोठी वाटते.

आता मावळात या. गी प्वातवाँ हे मूळचे फ्रेंच विद्वान आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात समाजशास्त्रीय संशोधनाचं केंद्र उभारलं. मावळ आणि मुळशीच्या डोंगरात ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कामात ते गावोगाव फिरत. तिथल्या बायकांशी बोलताना जात्यावरच्या ओव्यांचं दार उघडलं. पुढे हे काम राज्यभर पसरलं. एक हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. फ्रान्सचे बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. प्वातवाँ २००४ मध्ये गेले. हा खजिना ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळानं २०१७ पासून लोकांपुढे आणला आहे. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सासूचा जाच आहे, पंढरी आहे, बाबासाहेब आहेत. टटवायलरच्या स्टेशनवर जे झालं नाही, ते इथं झालं. गाणारीला नाव मिळालं.

मग आमच्या दाद्या-नान्यांचं काय? दखनी मुसलमानांत जात्याचं गाणं नवं नाही. विजापूरच्या चिश्ती सूफींनी शेकडो वर्षांपूर्वी ‘चक्कीनामे’ रचले. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाजांच्या नावावरही एक सांगितला जातो. रिचर्ड ईटन या इतिहासकारानं विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात त्यांचा अभ्यास केला आहे. या रचनांत जात्याचा खुंटा अलिफसारखा म्हणून अल्लाहची खूण होतो, आणि मधला आस रसूलची. दळणारी बाई दाणे टाकता टाकता कलमा आणि जिक्र शिकते. ईटन यांचं म्हणणं असं की दखनच्या घराघरांत इस्लाम पोहोचला तो मोठमोठ्या फारसी ग्रंथांनी नव्हे, बायकांच्या अशा गाण्यांनी. आणि आईच्या मांडीवरून तो मुलांपर्यंत गेला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत अभंग लिहिले हे आपण अभिमानानं सांगतो. चक्कीनाम्यांचा अभिमान मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना आहे.

एके वर्षी मी वर्गाला गृहपाठ दिला: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून कामाचं एक गाणं लिहून आणा. दळणाचं, भातलावणीचं, पाळण्याचं, कुठलंही. बऱ्याच मुलांनी पानं भरून आणली. दोन-तीन मुस्लिम मुलींची पानं कोरी होती. एक म्हणाली, “टीचर, दादी बोली, हमारे में गाना-बजाना नई होता.” मी त्या दादींना भेटायला गेले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. जाताना मी सहज विचारलं, “चक्कीवर बसल्यावर झोप यायची नाही का, दादी?” त्या हसल्या. म्हणाल्या, “वो गाना थोडी था, बेटी. वो तो पीसने का था.” मग त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवायला सांगितला आणि हलक्या आवाजात चार-पाच कडवी म्हटली. ती मी इथं देणार नाही. त्यांनी ती मला दिली, तुम्हाला नाही.

‘वो गाना थोडी था’ हे वाक्य मला मिसिसिपीच्या चर्चमध्येही ऐकू येतं. तिथल्या धार्मिक काळ्या कुटुंबांत ब्लूजला सैतानाचं संगीत म्हणत. रविवारी देवाचं गायचं आणि शनिवारी रात्री दारूच्या गुत्त्यात ब्लूज, यातलं एक निवड, असं सांगितलं जाई. टॉमस डॉर्सी ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूज वाजवत होता. तोच पुढे चर्चच्या गॉस्पेल संगीताचा जनक मानला गेला. १९५४ मध्ये रे चार्ल्सनं उलटा प्रवास केला. चर्चची धाटणी घेऊन तिच्यात प्रेमगीत बसवलं, आणि पुष्कळ भाविक दुखावले. संगीत जायज की नाजायज हा आपल्याकडचा वाद मी सोडवू शकत नाही, तो उलेमांचा प्रांत आहे. मला एवढंच दिसतं की बायकांनी त्या वादात न पडता आपल्यापुरतं एक उत्तर काढलं होतं. हे गाणं नाही, हे काम आहे. त्या उत्तरानं गाणं जगलं. पण गाणंच नाही म्हटल्यावर ते जपायचं कुणी?

आता मुख्य प्रश्नाकडे येते. ब्लूज पसरलं आणि ओवी थांबली, ती का? दोन्हीकडे यंत्र आलं. १९४४ मध्ये मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रं लोकांना चालवून दाखवली गेली. एक यंत्र पन्नासेक माणसांचं काम करी. माणसं तशीही उत्तरेला निघाली होतीच. आता तर लाखोंनी शिकागो, डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे गेली. त्यांतला एक मडी वॉटर्स, खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, स्टोव्हॉल मळ्यावरचा मजूर. १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क या संग्राहकांनी त्याच्या झोपडीत त्याचा आवाज टिपला. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यानं विजेची गिटार घेतली. विजेनं त्याचं गाणं मोठं केलं.

शहरात आलेल्या या संगीताला ड्रम, बास, पियानो, सॅक्सोफोन मिळाले, ते नाचण्याजोगं झालं. काळ्यांच्या तबकड्यांना कंपन्या ‘रेस रेकॉर्ड्‌स’, म्हणजे ‘त्या वंशाच्या’ तबकड्या म्हणत. १९२० मध्ये मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’नं तुफान खप मिळवला तेव्हापासूनचा हा बाजार. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकानं, जेरी वेक्सलर या पत्रकाराच्या सूचनेवरून, आपल्या यादीचं नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. म्हणजे हे नाव गाणाऱ्यांनी दिलेलं नाही, विकणाऱ्यांनी दिलं. पुढे त्यातूनच रॉक अँड रोल आणि सोल निघालं. पैसा मात्र त्याच वाटेनं आला नाही. बिग मामा थॉर्नटननं गायलेलं ‘हाउंड डॉग’ १९५३ मध्ये गाजलं. तीन वर्षांनी तेच गाऊन एल्विस प्रेस्ली जगभर पोहोचला. रूथ ब्राउन या मोठ्या गायिकेला पुढे घरकामं करावी लागली. आपल्या मानधनासाठी ती वर्षानुवर्षं भांडली आणि तिच्या लढ्यातून १९८८ मध्ये जुन्या कलावंतांना मदत करणारी संस्था उभी राहिली.

आमच्याकडे वीज कशी आली पाहा. मावळच्या पावसाची वीज मावळात उशिरा आली. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला घाटाखाली सोडून १९१५ पासून टाटांनी वीज केली आणि ती मुंबईच्या कापडगिरण्यांना गेली. खेड्यात वीज आली तेव्हा तिच्याबरोबर पिठाची गिरणी आली. घरात तिलाही आम्ही चक्कीच म्हणू लागलो. नाव राहिलं, गाणं गेलं. शिकागोत विजेनं गाण्याला आवाज दिला, इथं विजेनं गाणं बंद केलं. कारण मिसिसिपीच्या माणसाचं गाणं कामापासून सुटून गिटारवर बसलं होतं. ते पाठीवर टाकून आगगाडीत चढता येत होतं. दादीचं गाणं दगडाला बांधलेलं होतं. ते ऐकणारी फक्त समोरची जाऊ किंवा नणंद. त्याला ना गुत्ता होता, ना तबकडी, ना तिकीट.

हे गेलं म्हणून रडायचं मात्र मला नाही. पहाटे तीन-चार वाजता उठून घरभराचं दळण करणं ही सक्तीच होती. खांदे दुखून आल्याशिवाय त्या ओव्या जन्मत नव्हत्या. जी माणसं जातं परत आणायच्या गप्पा मारतात त्यांनी आठवडाभर दळून पाहावं.

आपल्याकडे गाणं शहरात गेलंच नाही असंही नाही. बार्शीचा महबूब हुसेन पटेल, ज्याला आपण अमर शेख म्हणून ओळखतो, त्याला आईकडून लोकगीतांचा वारसा मिळाला होता. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यानं ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गावी बायको ठेवून मुंबईत राबणाऱ्या गड्याची. अमर शेखांच्या आवाजात ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव पोहोचली. गावाची ओढ, शहरातली हलाखी आणि त्यावरचा ठेका, असं आपलं ब्लूज कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगेन. त्यात एक मातंग लेखक आहे, एक मुसलमान गायक आहे आणि भाषा मराठी आहे. पण इथंही गावातली मैना स्वतः बोलत नाही. तिच्याबद्दल गडी बोलतो.

तिचं बोलणं ओवीत होतं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, कवी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती गाणी उतरवून ठेवली, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये ती पुस्तकात आली. आज मी त्या कविता वर्गात शिकवते. उर्दूच्या तासाला गालिब आणि इक्बाल शिकवते. आमच्या दादीचं दखनी या दोन्ही तासांच्या मध्ये पडतं. उर्दूवाल्यांना ते अशुद्ध वाटतं, मराठीवाल्यांना ते मराठी वाटत नाही. बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले. आमच्या घरांतून सोपानदेव निघाले नाहीत, कारण मुलं शिकली आणि पहिली लाज त्यांना आईच्या भाषेचीच वाटली.

ज्यांनी चक्की ओढली आहे अशा बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, गल्लीत अशी कुणी असेल तर जाऊन बसा. ‘गाणं म्हणा’ असं म्हणू नका, त्या नाही म्हणतील. दळणाबद्दल विचारा, कोण समोर बसायचं ते विचारा. मोबाइल चालू करायच्या आधी परवानगी घ्या. नको म्हणाल्या तर ऐकून लक्षात ठेवा आणि घरी आल्यावर लिहा. जसं म्हटलं तसं लिहा, देवनागरीत लिहा की उर्दूत, पण शुद्ध करू नका. आणि कागदाच्या वर सगळ्यांत आधी, त्यांना चालणार असेल तर, त्यांचं पूर्ण नाव आणि गाव लिहा.